रत्तलभर धान्य

कलादगी हे नाव आज नकाशावर शोधावे लागते. बागलकोट जिल्ह्यात, घटप्रभेच्या काठी वसलेले ते एक लहान गाव आहे. परंतु १८८५ पर्यंत ह्याच गावाच्या नावाने मुंबई इलाख्यातील एक मोठा जिल्हा ओळखला जात असे. विजापूर, बागलकोट, इंडी, सिंदगी, मुद्देबिहाळ, बदामी हा सारा मुलूख त्यात मोडे. उत्तरेस सोलापूर, पश्चिमेस बेळगाव व जमखंडी-मुधोळची संस्थाने, दक्षिणेस धारवाड आणि पूर्वेस निजामाचे राज्य. मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषा ज्यांच्या बाजारात सारख्याच चालत, अशा ह्या प्रदेशावर १८७६ साली जो दुष्काळ आला, त्याने जिल्ह्याची लोकसंख्या चार-पाच वर्षांत पाचव्या हिश्शाहून अधिक घटविली. १८७२ च्या खानेसुमारीत कलादगी जिल्ह्यात आठ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली होती. १८८१ च्या खानेसुमारीत ती साडेसहा लाखही भरली नाहीत.

एवढी माणसे गेली कशी? पाऊस पडला नाही म्हणून, असे सहज उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे.

प्रथम जमिनीचा विचार केला पाहिजे. भीमा आणि कृष्णा ह्यांच्या मधला हा प्रदेश काळ्या, खोल, चिवट मातीचा आहे. त्यात डोण नदीचे खोरे तर सुपीकपणाबद्दल प्रसिद्धच. डोण पिकली म्हणजे गल्लोगल्ली ज्वारीच ज्वारी, अशा अर्थाची कानडी म्हण तिकडे आहे. पण ही सुबत्ता परतीच्या पावसावर अवलंबून असते. आषाढ-श्रावणातील सरी सह्याद्रीने अडविल्यामुळे येथे बेताच्याच पोहोचतात. भाद्रपद-आश्विनात पाऊस परतताना जे पाणी देतो, ते काळी माती धरून ठेवते, आणि त्या ओलीवर व पुढे दवावर रब्बीची शाळू पोसते. १८७६ साली मृगापासूनच पाऊस हात आखडून होता. तरीही शेतकरी धीर धरून राहिला, कारण त्याची खरी भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरवर होती. ते दोन्ही महिने कोरडे गेले. जमीन पेरणीलायक झाली नाही. जेथे पेरले तेथे उगवले नाही. जेथे उगवले तेथे वाळून गेले. प्रशांत महासागराच्या पृष्ठभागावरील पाणी काही वर्षी तापते आणि आपला मान्सून दुबळा होतो, हे आजच्या हवामानशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, आणि १८७६ ते १८७८ हा तशा प्रकारचा एक अतितीव्र काळ होता असे ते सांगतात. उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भाग येथेही त्याच सुमारास लोक अन्नावाचून मरत होते. कलादगीच्या शेतकऱ्याला ह्यातले काहीच कळण्याजोगे नव्हते. तो आभाळाकडे पाहत होता, एवढेच.

पाण्याची स्थिती ह्याहून बिकट होती. काळ्या मातीच्या प्रदेशात विहिरी खोल जातात, आणि लागलेले पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ असते. डोण नदीचे स्वतःचे पाणीच खारट आहे. पावसाळ्यात भरणाऱ्या लहान तळ्यांवर व ओढ्यांतील झऱ्यांवर गावांची तहान भागे. तळी त्या वर्षी भरलीच नाहीत, आणि नदीच्या पात्रात वाळू उकरून वाटीवाटीने पाणी भरण्याची पाळी आली. ह्याच मुलखात पूर्वी राज्यकर्त्यांनी पाण्याची केवढी चिंता वाहिली होती, हे विजापुरात पाहावयास मिळते. पहिल्या अली आदिलशहाने तोरवीकडून शहरात पाणी आणले. चांद बावडी १५७९ ची. ताज बावडी इब्राहीम आदिलशहाच्या काळची. आणि महंमद आदिलशहाने १६५१ साली बांधविलेल्या बेगम तलावातून जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरभर खेळविले होते. नळातील पाण्याचा दाब मोडण्यासाठी बांधलेले मनोरे अद्याप उभे आहेत. परंतु राजधानी ओस पडल्यावर ह्या कामांची निगा राहिली नाही, आणि ती होती तीही शहरापुरती. शेतीसाठी कृष्णा-घटप्रभेचे पाणी अडवून कालव्याने नेण्याची सोय त्या काळच्या कलादगी जिल्ह्यात नव्हती म्हटले तरी चालेल.

तथापि, ह्या दुष्काळाचे मर्म विहिरीपेक्षाही कडब्यात होते. शाळूचे पीक माणसाला दाणा आणि जनावराला वैरण अशी दोन्ही देते. पीक बुडाले की माणसाबरोबर बैलही उपाशी राहतो. आता त्या वेळच्या वाहतुकीकडे पाहावे. मुंबईहून निघालेली आगगाडी सोलापुरास १८६० साली आली होती आणि १८७१ पर्यंत ती रायचुरास पोहोचली. कलादगी जिल्ह्यात मात्र रूळ नव्हता. होटगी-गदग हा मार्ग दुष्काळानंतर, १८८४ च्या सुमारास झाला. बेळगाव-धारवाडकडे जे धान्य यावयाचे ते वेंगुर्ले व कारवार ह्या बंदरांतून घाट चढून यावयाचे. म्हणजे धान्य कोणत्याही वाटेने येवो, त्याचा अखेरचा टप्पा बैलगाडीचाच होता. सोलापूरपासून बागलकोट शंभर मैलांहून अधिक दूर. भरलेली गाडी दिवसाला दहा-बारा मैल चालते. म्हणजे नऊ-दहा मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला बैलांना वैरण हवी आणि पाणी हवे, आणि नेमक्या त्याच दोन वस्तू वाटेवरच्या गावांत शिल्लक राहिल्या नव्हत्या. सोलापूरच्या स्थानकावर पोती येऊन पडत होती, पण ती आतल्या तालुक्यांत नेण्यास बैल पुरत नव्हते. जे गाडीवान जात ते भाडे वाटेल तितके मागत, आणि ते भाडे ज्वारीच्या दरावर चढे. दर दुपटीवर गेले, कित्येक ठिकाणी तिपटीवर. बाजारात धान्य दिसते आहे आणि ते घेण्यास गाठी पैसा नाही, हा अनुभव नवा होता. जुन्या दुष्काळांत, जेथे धान्य नसे तेथे ते कोणापाशीच नसे. ह्या दुष्काळात पैसेवाला जेवत होता.

पैसा का नव्हता, ह्यालाही मागचा इतिहास आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून चार-पाच वर्षे कापसाला विलक्षण भाव आला. धारवाड-कलादगीकडील शेतकऱ्याने ज्वारीच्या रानात कापूस पेरला. १८६५ साली युद्ध संपले, आणि भाव कोसळले. पण त्या तेजीच्या काळात ठरविलेली देणी व वाढती राहणी लगेच कमी होत नाहीत. त्यातच दख्खनमधील कित्येक तालुक्यांत जमीनधाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. सारा रोख भरावयाचा, म्हणून सावकाराचे दार धरावयाचे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, ती ह्याचीच परिणती. पूर्वी चांगल्या वर्षी ज्वारी जमिनीत पेवे खणून साठवीत आणि ती पेवे वाईट वर्षी उघडीत. ही चाल अजिबात मोडली नव्हती, परंतु लहान शेतकऱ्याचे पेव कर्जफेडीतच रिकामे होऊ लागले होते. भूमिहीन मजूर आणि इलकल, गुळेदगुड्ड अशा गावांतील कोष्टी ह्यांच्यापाशी तर पेव कधीच नव्हते. भाकरीला महाग झालेला माणूस लुगडे विकत घेत नाही. त्यामुळे कोष्ट्याचा माग शेतकऱ्याच्या नांगराबरोबरच थांबला.

मुंबई सरकारने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस ह्यांनी धान्याचा व्यापार व्यापाऱ्यांवर सोपविला, पण १८७६ च्या शरदापासून दुष्काळी कामे सुरू केली. कामांचे दोन प्रकार होते. काही मोठी, बांधकाम खात्याची: तलाव, कालवे, लोहमार्गाची भराव. काही लहान, मामलेदारांच्या देखरेखीखाली गावांच्या आसपास चालणारी: रस्ते दुरुस्त करणे, तळ्यांतील गाळ काढणे, खडी फोडणे. लहान कामावर माणूस सकाळी जाई व संध्याकाळी घरी परते; म्हातारी माणसे, जनावर, घराचे दार ह्यांच्याकडे लक्ष राही. कामाचा उरक थोडा होता, गैरहिशेबही थोडाबहुत झाला असेल, परंतु माणसे जगत होती.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस लॉर्ड लिटन ह्यांनी मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी ही हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. मुंबई आणि मद्रास ह्या दोन्ही दुष्काळग्रस्त इलाख्यांचे गव्हर्नर त्या समारंभास गेले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, तेही गेले होते, आणि त्या झगमगाटात ते देशी, जाड्याभरड्या कापडाच्या पोशाखात वावरले. दिल्लीतच दुष्काळाबद्दल विचारविनिमय होऊन सर रिचर्ड टेंपल ह्यांना दोन्ही इलाख्यांत पाहणीसाठी पाठवावयाचे ठरले.

टेंपल ह्यांची निवड चमत्कारिक वाटते, पण तिचे कारण समजून घेतले पाहिजे. तीनच वर्षांपूर्वी, १८७३-७४ मध्ये, बंगाल-बिहारात अवर्षण पडले असता त्यांनी ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांहून अधिक तांदूळ आणविला, सरकारचे सहा कोटींहून अधिक रुपये खर्च केले, आणि उपासमारीने मृत्यू जवळजवळ होऊ दिले नाहीत. ह्या यशाबद्दल त्यांना शाबासकी मिळावयास हवी होती. मिळाली ती उधळपट्टीची निर्भर्त्सना. अफगाण सरहद्दीकडे डोळे लावून बसलेल्या सरकारला काटकसर हवी होती. टेंपल ह्यांनी आपला पूर्वीचा लौकिक पुसून टाकावयाचे मनावर घेतले असावे, असे त्यांच्या पुढील वागण्यावरून दिसते.

जानेवारी १८७७ मध्ये त्यांच्या सल्ल्यावरून नवे मान ठरले. पुरुषाला दिवसाच्या मजुरीत एक रत्तल धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे. बायकांना व मुलांना त्याहून कमी. शिवाय धडधाकट माणसांनी गावाजवळची लहान कामे सोडून दूरच्या मोठ्या कामांवर जावे आणि तेथेच छावणीत राहावे, असाही दंडक आला. एक रत्तल म्हणजे आजच्या मापाने अर्ध्या किलोहून थोडे कमी. दिवसभर कुदळ मारणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या माणसाला त्यातून होणाऱ्या भाकरी किती, हे घरात पीठ मळणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितले असते. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी ते शास्त्राच्या भाषेत सांगितले: तुरुंगातील कैद्याला ह्याहून अधिक मिळते. टेंपल ह्यांना ते पटले नाही.

ह्यावर मुंबई इलाख्यात जे घडले, त्याची नोंद आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून अभावानेच आढळते. मजूर कामावरून उठून गेले. सोलापूर, नगर, सातारा, कलादगी ह्या भागांतील कामांवरून थोड्याच आठवड्यांत लाखभर माणसे निघून गेली. त्यांना कोणी पुढारी नव्हता, संघटना नव्हती, संप हा शब्दही त्यांच्या तोंडी नसावा. दगडफेक नाही, लूट नाही. एवढ्या कष्टाला एवढे धान्य पुरत नाही, आणि घर सोडून परमुलखात मरावयाचे तर आपल्या उंबऱ्यातच मेलेले बरे, एवढाच त्यांचा हिशेब होता. उपाशी माणसाने अन्न देणारे काम नाकारावे, ही गोष्ट सरकारी मनाला उमगण्याजोगी नव्हती. अधिकाऱ्यांनी तिचा अर्थ उलटा लावला. काम सोडून जाण्याइतकी ज्यांची ऐपत आहे त्यांना मदतीची गरजच नव्हती, असे अनुमान काढून हजेरीपटावरील घटते आकडे हे नव्या धोरणाचे यश मानले गेले. दुष्काळाच्या कारभारात ह्याहून क्रूर चूक शोधून सापडणार नाही. माणूस पटावरून गेला म्हणजे तो पोट भरून घरी गेला, असे कागदाला वाटते.

तो कोठे गेला, हे सार्वजनिक सभेने लिहून ठेवले. १८७० साली स्थापन झालेल्या ह्या सभेचा नियम असा होता की, सभासद होणाऱ्याने किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. त्यामुळे गावोगाव तिची माणसे होती. सभेने दुष्काळी जिल्ह्यांत आपले प्रतिनिधी नेमले, त्यांच्याकडून पिकांची, दरांची, पाण्याची, जनावरांची, कामावरील हजेरीची, काम सोडलेल्यांच्या अवस्थेची माहिती मागविली, आणि जोशी ह्यांच्या सहीने ती पत्रामागून पत्र अशी सरकारकडे धाडली. ही पत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांत आक्रोश थोडा आणि तपशील फार आहे. धान्य किती, काम किती, अंतर किती, मेलेली जनावरे किती. सरकारच्या आकड्याला आकड्याने उत्तर देण्याची रीत महाराष्ट्राला ह्या पत्रांनी शिकविली.

धर्मादायही काही थोडा झाला नाही. जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी १८७७ साली पुण्याजवळ धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांना जेवू घातले. नगर-सोलापूर भागांत अमेरिकन मराठी मिशनचे लोक पूर्वीपासून होते, आणि दुष्काळाच्या अखेरीस जेजुइट धर्मगुरूही नगर जिल्ह्यातील खेड्यांत येऊ लागले. ह्या काळी जे ख्रिस्ती झाले त्यांना भाकरीसाठी बाटलेले म्हणून पुढे पुष्कळ हिणविण्यात आले. त्यांतील बहुतेक महार-मांग होते. सुकाळातही गावाच्या विहिरीवर ज्यांना पोहरा टाकू देत नसत, ते दुष्काळात कोणाच्या दारी गेले ह्याचा जाब त्यांनाच विचारणे फारसे शोभत नाही.

१८७७ चा पावसाळाही प्रथम फसवाच निघाला. जुलै-ऑगस्ट कोरडे गेले, आणि सप्टेंबरात पाऊस आला तेव्हा औताला जोडावयास बैल नव्हते. कोणी सह्याद्रीच्या बाजूला चारणीस नेले ते परतले नाहीत, कोणी खाटकाला चार-दोन रुपयांस विकले, उरले ते दावणीला मेले. मैलच्या मैल काळी जमीन पडीक राहिली. पावसाबरोबर हिवताप आला, आणि वर्षभर अर्धपोटी राहिलेल्या देहांत त्याला तोंड देण्याची ताकद नव्हती. पुष्कळसे मृत्यू असे अन्न मिळू लागल्यावर झाले. पुढे १८७८-७९ मध्ये नगर, सोलापूर, कलादगी ह्या भागांत उंदरांच्या झुंडी उठल्या आणि उभ्या पिकांची कणसे त्यांनी तोडून नेली. एकट्या मुंबई इलाख्यात नेहमीपेक्षा सुमारे आठ लाख अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक. बेळगाव जिल्हा सह्याद्रीला लागून असल्याने तेथील पश्चिमेकडचे तालुके पुष्कळ वाचले, तरी १८७२ साली नऊ लाखांच्या बरीच वर गेलेली त्याची वस्ती १८८१ साली ८ लाख ६४ हजारांवर आली. स्वतः टेंपल मे १८७७ पासून मुंबईचे गव्हर्नर झाले होते.

त्या दुष्काळाची कामे अजून दिसतात. दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव दुष्काळी मजुरांनी घातला, आणि १८७८ साली त्यावरून गाडी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील आष्टीचा तलाव, माण नदीवरील म्हसवडचा तलाव ह्यांची माती त्याच हातांनी वाहिली. म्हसवडचे काम पुरे होण्यास आणखी दहा वर्षे लागली. पुढे १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्र राज्यात अशाच कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या घरात माणसे खपत होती. त्या वेळी धान्याचे माप आणि मजुरीचा दर ह्यांवरून मोर्चे निघाले, विधिमंडळात वाद झाले, आणि १९७७ साली काम मागण्याचा हक्क देणारा रोजगार हमी कायदा संमत झाला. ते शक्य झाले, कारण त्या वेळी मजुराला मत होते.

१८७७ च्या मजुराला ते नव्हते. त्याची अवस्था पाहून एका सरकारी नोकराचे मन मात्र पेटले. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील वासुदेव बळवंत फडके ह्यांनी दुष्काळी मुलखात हिंडून लोकांचे हाल पाहिले, आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी, कोळी, धनगर सोबती घेऊन बंड उभारले. जुलैमध्ये ते तापाने फणफणलेले असताना पकडले गेले, ते कलादगी जिल्ह्यातील देवर नावडगी ह्या गावी. पुण्यास त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्यास पुढे आले ते गणेश वासुदेव जोशीच.

जोशी १८८० साली वारले. त्याच वर्षी सर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचे प्रतिवृत्त बाहेर पडले, आणि काम करणाऱ्या माणसाला एक रत्तल धान्य पुरत नाही, हे त्यात मान्य करण्यात आले.